जुना पेट्रोल-ट्रक : सुरू न होणें व वाटेंत बंद पडणें

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं पेट्रोलवर चालणारा जुना ट्रक अद्याप उभा आहे, त्यांची संख्या आतां फार नाहीं. मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९४७ सालापासून निघूं लागलेले डॉज व फार्गो, आणि महायुद्धानंतर लष्करानें विकून टाकलेले ट्रक, हे एके काळीं शेतमाल वाहण्याच्या कामीं सर्रास दिसत. पुढें त्यांतील पुष्कळांत डिझेलचें एंजिन बसविण्यांत आलें. जे थोडे पेट्रोलवरच राहिले, त्यांच्या मालकांचें गाऱ्हाणें एकच असतें : सकाळीं सुरू होत नाहीं, आणि झाला तर वाटेंत बंद पडतो. हें ऐकतांच मिस्त्री पाना घेऊन कार्ब्युरेटर उघडावयास बसतो. आमच्या मतें पहिली चूक तीच होय.

आमच्या घरच्याच ट्रकची हकीगत सांगतों. कांदा भरून लासलगांवास निघालों कीं चार-पांच मैल तो बरा चाले. मग गचके देई व बंद पडे. अर्धा तास थांबलें कीं जणूं कांहीं झालेंच नाहीं असा सुरू होई, आणि पुन्हां चार मैलांवर तेंच. त्या हंगामांत कार्ब्युरेटर तीन वेळां खोलून धुतला, जेट बदलले, कॉइल नवी घातली. दोन वेळां लिलाव आटोपल्यावर पोंचलों, आणि एकदां तर उघड्या ट्रकमधील कांदा वळवाच्या पावसांत भिजून अर्ध्या भावानें द्यावा लागला. अखेर एका वृद्ध ड्रायव्हरनें, ट्रक बंद पडतांक्षणींच, एंजिनकडे न पाहतां टाकीचें झाकण फिरविलें. आंत वारा शिरल्याचा फुसकारा स्पष्ट ऐकूं आला, आणि थोड्याच वेळांत ट्रक चालूं लागला. मूळचें झाकण हरवल्यावर आम्हीं जें दुसरें बसविलें होतें, त्यास वारा आंत जाण्याचें भोंकच नव्हतें! पेट्रोल खर्च होई तसतशी टाकींत पोकळी वाढे, आणि शेवटीं पंपास पेट्रोल ओढवेनासें होई. थांबलें असतां वारा कसाबसा झिरपे, व रोग आपोआप लपे.

तेव्हां ट्रक ज्या क्षणीं बंद पडतो त्याच क्षणीं तपास करावा, आणि दोनच प्रश्न विचारावे : ठिणगी आहे काय? पेट्रोल पोंचतें काय? याचें उत्तर मिळेपर्यंत एकही स्क्रू फिरवूं नये.

ठिणगीसाठीं एका प्लगची जाड तार काढून, रबरी भागास धरून, तिचें टोंक एंजिनच्या उघड्या लोखंडापासून पाव इंचावर ठेवावें व सोबत्यानें सेल्फ मारावा. जवळपास पेट्रोल सांडलेलें नसावें. निळसर व कडकड वाजणारी ठिणगी पडली तर विजेची बाजू ठीक समजावी. पिवळट, क्षीण पडली अथवा मुळींच पडली नाहीं, तर डिस्ट्रिब्यूटर उघडून पॉइंट पाहावे. ते काळे जळले असल्यास नुसतें घासून भागत नाहीं; कंडेन्सर बहुधा गेलेला असतो. पॉइंटांमधील फट गाडीच्या पुस्तकाप्रमाणें, साधारणतः १५ ते २० सहस्रांश इंच, राखावी. कॉइलचा रोग मात्र फसवा. थंड असतां ती निर्दोष, तापली कीं ठिणगी देत नाहीं, आणि निवल्यावर पुन्हां देते. म्हणून अर्धा तास झाडाखालीं बिडी ओढून मग तपासणारास तो कधींच सांपडत नाहीं.

सेल्फनें सुरू होत नाहीं पण हँडल मारतां होतो, अशा ट्रकच्या बॅटरीचीं टोंकें व अर्थची तार प्रथम घासावी. सेल्फच सगळा करंट पिऊन टाकतो, कॉइलला उरत नाहीं. हँडल मारतांना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा. उलट्या झटक्यानें मनगट मोडतें.

पेट्रोलची परीक्षा याहून सोपी. एंजिन बंद ठेवून कार्ब्युरेटरवरील हवेची गाळणी काढावी, आणि आंत पाहत ॲक्सिलरेटरची दांडी झटकन ओढावी. बारीक धार उडाली तर कार्ब्युरेटरांत पेट्रोल आहे. न उडाली तर पंपापुढील नळी सोडून बाटलींत धरावी व एंजिन फिरवावें. भरघोस पिचकाऱ्या आल्या तर दोष कार्ब्युरेटरांत. न आल्या तर पंप, गाळणी, नळी वा टाकी यांत.

ॲक्सिलरेटरवरून पाय काढतांच एंजिन मरत असेल, तर मंद चालीचा जेट बुजला आहे, किंवा मॅनिफोल्डच्या सांध्यांतून फाजील वारा शिरत आहे. सांध्यावर तेलाचा बोळा फिरवितां एंजिनचा आवाज बदलला तर जागा सांपडली. वैशाखांत चढावर मरणाऱ्या ट्रकांत पुष्कळदां नळींतच पेट्रोलची वाफ झालेली असते. पंपावर व नळीवर ओलें फडकें ठेवल्यानें ट्रक सुरू झाला, तर निदान झालें. ती नळी तापत्या मॅनिफोल्डपासून दूर वळवावी.

आणखी एक गोष्ट या ट्रकांच्या जुन्या पुस्तकांत सांपडावयाची नाहीं. आपल्या देशांत पेट्रोलांत इथेनॉल मिसळण्याचें प्रमाण २०२२ सालीं शेंकडा १० झालें, व २०२५ सालीं शेंकडा २० पर्यंत गेलें. आपणच पिकविलेल्या उसाचा व मक्याचा अंश आपल्याच टाकींत परत येतो, ही मोठी मौज. परंतु हे ट्रक बनविणारांनीं तो हिशेबांत धरलेला नव्हता. इथेनॉल टाकींतील वर्षांनुवर्षांची कीट सोडवितें व ती गाळणींत येऊन बसते. पंपाचा जुना रबरी पडदा त्यानें फुगतो वा चिरतो; नवा घेतांना इथेनॉल सोसणारा मागावा. शिवाय इथेनॉल पाणी शोषतें, आणि पाणी प्रमाणाबाहेर झालें कीं दोन्ही मिळून तळाशीं उतरतात. टाकींतून पहिल्यानें उचललें जातें तें हेंच.

यासाठीं पावसाळ्यांत ट्रक दोन-तीन महिने उभा राहणार असेल, तर टाकी व कार्ब्युरेटरची वाटी दोन्ही रिकामीं करावीं. काढलेलें पेट्रोल झांकणाच्या कांचेच्या बरणींत, चुलीपासून दूर, रात्रभर ठेवावें. सकाळीं तळाशीं निराळा थर दिसला तर तें पुन्हां टाकींत ओतूं नये.