बंदुकीचा परवाना आणि कातडीचा रंग

मेलेल्या कायद्याला कोणी साक्षीदार म्हणून न्यायालयात उभे करील, असे सहसा ऐकिवात येत नाही. अमेरिकेत मात्र ते घडले आहे. हवाई राज्याने २०२३ साली एक कायदा केला. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले अशा मालकी खासगी पण दार सर्वांना उघडे असलेल्या जागांत मालकाच्या स्पष्ट संमतीवाचून पिस्तूल घेऊन जाण्यास त्याने मनाई केली. ही मनाई राज्यघटनेशी सुसंगत आहे काय, हा प्रश्न फेडरल अपील न्यायालयापुढे आला. २०२४ साली त्या न्यायालयाने मनाई उचलून धरताना जे जुने आधार मान्य केले, त्यांत लुइझियाना राज्याचा १८६५ सालचा एक कायदा होता. दुसऱ्याच्या मळ्यात मालकाच्या परवानगीशिवाय कोणी बंदूक नेऊ नये, एवढेच तो कायदा म्हणतो. यात वावगे ते काय, असेच वाचणाऱ्यास वाटेल. पण १८६५ साली लुइझियानात मळे कोणाचे होते आणि त्या मळ्यांवर राबून तेथेच खोपटांत राहणारे कोण होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या निरुपद्रवी वाक्याचा अर्थ उलगडतो. कालपरवापर्यंत गुलाम असलेल्या माणसाच्या राहत्या घरातील बंदूक जुन्या धन्याच्या मर्जीवर ठेवण्याची ती युक्ती होती. हा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

हा उकिरडा उकरण्याची पाळी आली ती त्याच सर्वोच्च न्यायालयामुळे. २३ जून २०२२ रोजी त्याने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी न्यू यॉर्कचा १९१३ सालापासूनचा परवान्याचा नियम रद्द केला आणि शस्त्रांवरील प्रत्येक बंधनाला राष्ट्राच्या जुन्या परंपरेत आधार सापडला पाहिजे, अशी कसोटी घालून दिली. परंपरा शोधू लागले की जे सापडायचे तेच सापडते. अमेरिकेच्या जुन्या शस्त्रबंदीच्या कायद्यांत गुलामांना, मुक्त कृष्णवर्णीयांना आणि मूळच्या रेड इंडियन जमातींना निःशस्त्र ठेवणाऱ्या कायद्यांचा भरणा मोठा आहे.

व्हर्जिनियाच्या वसाहतीने १६८० सालीच निग्रोंना दंडुका, बंदूक, तलवार यांपैकी काहीही बाळगण्याची बंदी केली होती. १८३१ साली त्याच राज्यात नॅट टर्नर या गुलामाने बंड केले आणि दक्षिणेतील मळेवाल्यांची झोप उडाली. टेनेसीच्या घटनेत तोवर शस्त्र बाळगण्याचा हक्क ‘मुक्त माणसां’ना होता; १८३४ साली तेथे ‘मुक्त गोऱ्या माणसांना’ असा बदल करण्यात आला. एका विशेषणाची ही भर आम्हांस फार बोलकी वाटते. पुढे १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात कृष्णवर्णीय हा नागरिक होऊच शकत नाही, असा निवाडा देताना सरन्यायाधीश टॉनी यांनी परिणामांची भीती घातली, तीत हेही एक होते की नागरिकत्व दिले तर हे लोक वाटेल तेथे शस्त्रे घेऊन फिरू शकतील!

यादवी युद्ध संपले, गुलामगिरी कायद्याने गेली, पण सुंभ जळला तरी पीळ राहिला. १८६५ सालीच दक्षिणेकडील राज्यांनी ‘ब्लॅक कोड’ या नावाने कुप्रसिद्ध झालेले कायदे केले. मिसिसिपीच्या कायद्यानुसार लष्करात नसलेल्या कृष्णवर्णीयाला काउंटीच्या मंडळाच्या परवान्यावाचून बंदूक ठेवता येत नसे. ठेवली तर दहा डॉलरपर्यंत दंड, आणि जप्त झालेले हत्यार चुगली करणाऱ्याला बक्षीस! शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या घरात डोकवावे यासाठी सरकारने लावलेले ते आमिष होते. परकीय अमदानीत ज्यांच्या घरांनी झडत्या सोसल्या, त्यांना या तरतुदीचा वास वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

१८६८ साली चौदावी घटनादुरुस्ती झाली आणि कायद्यात रंगाचे नाव घेणे अशक्य झाले. येथून पुढचा इतिहास अधिक शिकण्याजोगा आहे. टेनेसीने १८७९ साली लष्करी व नौदली बनावटीची सोडून बाकीची पिस्तुले विकण्यास बंदी केली. भाषा सर्वांना सारखी. पण लष्करी पिस्तूल महाग, आणि पराभूत दक्षिणेच्या गोऱ्या सैनिकांकडे ते आधीच होते. गरीब शेतमजुराला परवडणारे स्वस्त पिस्तूल तेवढे बेकायदा ठरले. फ्लोरिडाने १८९३ साली विंचेस्टरसारख्या रायफलीसाठी काउंटीचा परवाना आणि शंभर डॉलरचा जामीन सक्तीचा केला. त्याच्या आदल्याच वर्षी आयडा वेल्स या कृष्णवर्णीय महिला पत्रकाराने, झुंडीपासून बचावासाठी प्रत्येक कृष्णवर्णीयाच्या घरात विंचेस्टरला मानाची जागा हवी, असे लिहिले होते. फ्लोरिडाच्या कायद्याचे खरे स्वरूप १९४१ साली त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात उघडे झाले. न्यायमूर्ती ब्यूफर्ड यांनी आपल्या स्वतंत्र मतात स्वच्छ सांगितले की, टर्पेंटाइनच्या व लाकूडतोडीच्या छावण्यांवर आलेल्या निग्रो मजुरांना निःशस्त्र करण्यासाठी हा कायदा केला गेला. गोऱ्यांना तो लागू करण्याचा हेतू कधी नव्हता आणि तो कधी लागू केलाही गेला नाही. ग्रामीण भागातील बहुतेक गोरे पुरुष तो सर्रास मोडत आले आहेत, असा त्यांचा अदमास होता. इतका प्रांजळ कबुलीजबाब न्यायालयाच्या दप्तरात क्वचितच सापडतो. कायदा मोडणारे हजारो, आणि पकडला जाणार कोण हे आधीच ठरलेले.

ही तऱ्हा आपल्याला परकी नाही. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत १८७८ साली दोन कायदे झाले. एकाने देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी केली, दुसरा हत्यारबंदीचा. वृत्तपत्रांचा कायदा चार वर्षांत गेला, हत्यारबंदीचा टिकला. गंमत अशी की, या कायद्याच्या मूळ कलमांत गोरा-काळा हा शब्द शोधावा लागतो. सत्ताविसाव्या कलमाने सरकारला कोणत्याही वर्गाला सूट देण्याचा अधिकार दिला होता, आणि त्या अधिकारात केलेल्या नियमांनी युरोपियन, युरेशियन, अमेरिकन यांना परवान्यातून मोकळे केले. कायदा समदर्शी, नियम मात्र कातडी पाहणारे. रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त केले तरी कुणब्याने ठासणीच्या बंदुकीसाठी कचेरीत खेटे घालावेत आणि साहेबाने दोन नळ्यांची बंदूक खांद्यावर टाकून शिकारीला निघावे, हा त्या राज्याचा शिरस्ता होता. काँग्रेसने १८८७ सालच्या मद्रास अधिवेशनात या कायद्याने प्रजेवर नाहक कलंक लावल्याची तक्रार नोंदवली. अहिंसेचे पुजारी गांधीजी, पण १९१८ साली खेड्याच्या सैन्यभरतीच्या पत्रकात इंग्रजी राज्याच्या काळ्या कृत्यांत त्यांनी या कायद्याला अग्रस्थान दिले. १९३० सालच्या त्यांच्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणार्थ बंदुकीच्या परवान्याची मागणी होतीच. १९३१ सालच्या कराची ठरावात तर नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क मान्य करण्यात आला. स्वराज्य आल्यावर १९४८ साली घटना समितीत ह. वि. कामथ यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची सूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही, आणि आमच्या मते योग्यच केले. जुलमी कायद्याचे उत्तर कायदाच नको असे नसते.

वंशाच्या नावाने दिलेली सूट मात्र आपल्याकडेही एके ठिकाणी चिकटून राहिली. कोडगूच्या कोडवांना इंग्रजांनी दिलेली परवानामाफी केंद्र सरकारने २०१९ साली आणखी दहा वर्षे वाढवली, आणि त्या अधिसूचनेत आजही ‘वंश’ हाच शब्द आहे. सवलत मिळालेल्यांबद्दल आमची तक्रार नाही, शब्दाबद्दल आहे.

अमेरिकेतील विसाव्या शतकाचा उत्तरार्ध सांगितल्यावाचून हा वृत्तांत पुरा होत नाही. ३० जानेवारी १९५६ रोजी माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब टाकला गेला. त्यांनी पिस्तुलाचा परवाना मागितला. तो नाकारण्यात आला. ज्याच्या पडवीत बाँब फुटला त्यालाच संरक्षणाची गरज पटवून देता आली नाही, तर ती कोणाला देता येणार होती? अकरा वर्षांनी, २ मे १९६७ रोजी, ब्लॅक पँथर पक्षाचे सुमारे तीस कार्यकर्ते बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात शिरले. पोलिसांच्या जाचावर नजर ठेवण्यासाठी ते ओकलंडच्या रस्त्यांवर उघड बंदुका घेऊन फिरत, आणि तोवर ते कायदेशीर होते. रिपब्लिकन आमदार मल्फर्ड यांचे विधेयक त्यांच्यासाठीच आले होते. जुलै अखेर त्यावर गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांची सही झाली आणि भरलेले हत्यार घेऊन रस्त्यावर फिरणे गुन्हा ठरला. शस्त्रस्वातंत्र्याचे कैवारी म्हणून पुढे गाजलेल्या राजकारण्याची ही सही आज त्यांच्या अनुयायांना आठवत नाही.

या इतिहासावरून तेथील बंदूकवाले एक निष्कर्ष काढतात: नियंत्रण म्हणजेच वर्णद्वेष, म्हणून बंदुका मोकळ्या सोडा. हा कैवार आम्हांस पटत नाही. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने अठ्ठेचाळीस हजारांहून अधिक माणसे मेली. ऐन तारुण्यातील कृष्णवर्णीय पुरुषांच्या मृत्यूचे तेथील पहिले कारण खून हे आहे, आणि त्यांतले बहुतेक बंदुकीने होतात. म्हणूनच कडक कायदे हवेत असे म्हणणाऱ्यांत कृष्णवर्णीय नागरिकांचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा मोठे आहे. ज्यांच्या नावाने हा युक्तिवाद चालतो, त्यांना तो नको आहे. बंदूक जवळ असल्याने ते तरले असेही इतिहास सांगत नाही. १८७३ साली ईस्टरच्या रविवारी लुइझियानातील कोलफॅक्स येथे न्यायकचेरीचे रक्षण करणाऱ्या कृष्णवर्णीयांकडे बंदुका होत्या; गोऱ्यांच्या टोळीकडे तोफ होती. शरण आलेल्यांनाही मारले गेले. १८७६ साली सर्वोच्च न्यायालयाने या हत्याकांडातील गुन्हेगारांची शिक्षा टिकू दिली नाही. आणि परवाना असूनही काय होते, ते २०१६ साली मिनेसोटात दिसले. फिलँडो कॅस्टील याने आपल्याजवळ पिस्तूल असल्याचे पोलिसाला सरळपणे सांगितले आणि त्याच पोलिसाच्या गोळ्यांनी तो मोटारीत मेला. त्या वेळी शस्त्रस्वातंत्र्याच्या मोठमोठ्या संघटनांचा आवाज फारसा चढला नव्हता.

आमच्या मते दोष नियंत्रणात नाही, तारतम्याच्या नावाखाली अधिकाऱ्याच्या हाती दिलेल्या मोकळ्या लेखणीत आहे. न्यू यॉर्कच्या खटल्यात गरिबांची वकिली करणाऱ्या ब्राँक्समधील सार्वजनिक वकिलांनी हेच मांडले. पुरोगामी विचारांची ही मंडळी बंदूकवाल्यांच्या बाजूने उभी राहिलेली पाहून अनेकांना धक्का बसला. त्यांचे म्हणणे साधे होते: परवान्यास ‘पुरेसे कारण’ आहे की नाही हे अधिकारी ठरवतो, आणि परवान्याविना बंदूक बाळगल्याबद्दल तुरुंगात जाणारे आमचे अशील जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय व स्पॅनिश वंशाचे आहेत.

आपला १९५९ सालचा शस्त्र कायदा या बाबतीत थोडा शहाणा आहे. अर्जदारापाशी पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असे त्याचे चौदावे कलम म्हणते. नकाराची कारणे लेखी नोंदवावीत आणि मागितल्यास अर्जदाराला द्यावीत, असेही सांगते. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करणाऱ्या आमच्या किनारपट्टीवरील शेतकऱ्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे. मात्र ‘कोणत्याही कारणाने अपात्र’ असे दोन शब्दांपुरते दार त्याच कलमात उघडे ठेवले आहे, आणि सार्वजनिक हिताचे नाव सांगून कारणे न देण्याचीही मुभा आहे. न्यू यॉर्कने आपला जुना नियम रद्द होताच २०२२ सालच्या जुलैत नवा कायदा केला. त्यात आता ‘पुरेसे कारण’ लागत नाही, ‘सच्चारित्र्य’ लागते. आणि ते आहे की नाही, हे ठरवणारा पुन्हा अधिकारीच आहे.