पिनांचा संकेत : जुन्या मॉनिटरची केबल दुसऱ्या संगणकास जोडताना

मुळशीसारख्या घाटमाथ्याच्या तालुक्यात एखाद्या वाडीवरील शाळेस जुना संगणक एकाने आणि जुना मॉनिटर दुसऱ्याने दिला, तर प्रथम अडते ते केबलच्या टोकाशी. दोन्ही यंत्रे धडधाकट असतात. तरी टोक खोबणीत बसत नाही म्हणून दोन्ही अडगळीत जातात. वस्तुतः हा दोष यंत्राचा नसून संकेताचा होय.

१९८७ या एकाच वर्षी आय.बी.एम.ने व्हीजीए पद्धती आणली व ॲपलने मॅकिंटॉश टू हा संगणक काढला. दोन्ही पद्धतींच्या टोकास पिना पंधराच. परंतु पहिलीत त्या तीन ओळींत, तर दुसरीत दोन ओळींत मांडलेल्या. चित्र मात्र दोहोंकडे तांबडा, हिरवा व निळा या तीन रंगसंदेशांनी आणि आडवी ओळ व संपूर्ण पट केव्हा सुरू व्हावा हे कळविणाऱ्या दोन कालसंदेशांनी घडते. आशय एकच; तो कोणत्या पिनेने वाहावा एवढेच निराळे. म्हणून मॅकिंटॉशच्या दुसऱ्या पिनेवरील तांबडा संदेश व्हीजीएच्या पहिलीवर, पाचवीवरील हिरवा दुसरीवर, नववीवरील निळा तिसरीवर, पंधरावीवरील ओळीचा तेरावीवर आणि बारावीवरील पटाचा चौदावीवर न्यावा लागतो. रंगांच्या परतीच्या तारा, अनुक्रमे १, ६ व १३, या ६, ७ व ८ यांस मिळतात. वेष्टनाचा रंग पाहून तार ओळखणे धोक्याचे. तो रंग कारखान्यागणिक बदलतो. मल्टिमीटरने प्रत्येक तार टोकापासून टोकापर्यंत तपासावी, मगच डाख द्यावा. मुळशीच्या पावसाळी हवेत पिनांवर हिरवट कळंक चढलेला असल्यास तो आधी घासून काढणे अगत्याचे.

एवढे करूनही पडदा काळाच राहतो, आणि येथेच खरी गंमत आहे. मॅकिंटॉशच्या ४, ७ व १० या पिना चित्राचे काहीच वाहत नाहीत. त्यांपैकी कोणती पिन भूतारेस जोडली आहे एवढेच पाहून संगणक मॉनिटरची जात ठरवितो. एकही जोडलेली नसली, तर मॉनिटर नाहीच असे समजून तो चित्र पाठवीत नाही. चौथी पिन अकरावीस जोडली की ६४० × ४८० बिंदूंचे चित्र येते. व्याकरणातील शून्य प्रत्ययाचेच हे भावंड म्हणावे. अभावालाही येथे अर्थ आहे.

तथापि लयही जुळावी लागते. मॅकिंटॉश या मापाच्या चित्रात सेकंदास सुमारे ३५,००० ओळी पाठवितो, तर व्हीजीए सुमारे ३१,५००. एकाच गतीला बांधलेल्या जुन्या मॉनिटरवर अशा वेळी चित्र फाटते. तेथे केबल कितीही बिनचूक केली तरी उपयोग नाही, अनेक गती स्वीकारणारा मॉनिटरच हवा.

मॉनिटरचे खोके मात्र उघडू नये. वीज बंद केल्यानंतरही काचनळीत प्राणघातक दाबाचा विद्युद्भार उरू शकतो, आणि केबलच्या कामास ते उघडण्याची गरजही पडत नाही.