खाणीचा कडा आणि कचऱ्याचे बिऱ्हाड

काळा फत्तर अभंग, ही आपली पिढीजात समजूत असल्यामुळे, शहराबाहेरची एखादी दगडखाण डबर संपून ओस पडली की ती कचऱ्यासाठी मुक्रर करावी, असे पालिकेच्या कारभाऱ्यांस सहज सुचते. खड्डा आयता, भिंती दगडी, मग उणे ते काय? उणा असतो तो भेगांचा हिशेब.

फत्तर कितीही कणखर असला तरी कडा ढासळतो तो मुळातल्या सांध्यांवरून शिळा निसटल्यामुळे. आणि दख्खनच्या लाव्ह्यास निवताना पडलेले उभे सांधे किती रेखीव असू शकतात, हे अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहिलेल्यास सांगावयास नको. त्यांत सुरुंगांनी पाडलेल्या भेगांची भर पडते, आणि लाव्ह्याच्या दोन थरांमधला तांबड्या मातीचा पट्टा पाण्याने फुगून झिजत गेला म्हणजे वरची शिळा अधांतरी राहते.

म्हणून भूवैज्ञानिक होकायंत्र व उतारमापक घेऊन प्रत्येक भेगेची दिशा, कल, खडबडीतपणा आणि तीत भरलेली माती यांची नोंद करीत कड्याच्या पायथ्याने फिरतो. भेग खाणीच्या पोकळीकडे कललेली असावी, तिचा कल कड्याच्या उतारापेक्षा कमी पण घर्षणकोनापेक्षा अधिक असावा, एवढे जुळले की शिळेस घसरावयास वाट मिळाली असे समजावे. (उभे स्तंभ मात्र घसरण्याऐवजी पुढे झुकून कोलमडतात, त्यांचे गणित निराळे.)

या हिशेबातील खरा दगाबाज पाणी. भेगेतील पाण्याची उंची दुप्पट झाली की त्याचा रेटा चौपट होतो. पाण्याच्या या दग्याची साक्ष इटलीतील वायोंत धरण देते: तेथे ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री सुमारे २७ कोटी घनमीटर डोंगर चिकणमातीच्या पातळ थरांवरून जलाशयात घसरला, आणि उसळलेल्या लाटेने सुमारे दोन हजार माणसांचा बळी घेतला.

एवढा उत्पात दगडखाणीत घडावयाचा नाही, हे मान्य. पण येथे उत्पाताची गरजच नाही. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी भरावाच्या तळाशी ९० सेंटिमीटर दाबलेली चिकणमाती आणि तीवर प्लास्टिकचे अस्तर अंथरण्याची अट घातली होती. त्या अस्तराची जाडी दीड मिलिमीटर! कड्यावरून सुटलेली एक धारदार शिळा ते फाडावयास पुरेशी आहे, आणि मग कचऱ्याचे काळे पाणी त्याच भेगांवाटे आसपासच्या विहिरींची वाट धरते.

उन्हाळ्यात उरकलेल्या पाहणीत भेगा कोरड्याच दिसणार. सबब, कड्यातून झरे वाहत असताना केलेली भर पावसाळ्यातील पाहणी दप्तरी दाखल झाल्याखेरीज अशा खाणीस मंजुरी देऊ नये.