स्नायुरचनेच्या अभ्यासासाठी आंतरजालीय साधने : स्वरूप, मर्यादा व निवडीचे निकष

प्रस्तावना :

मानवी सांगाडा प्रयोगशाळेच्या कपाटात वर्षानुवर्षे उभा ठेवता येतो आणि त्यावरून हाडांची रचना विद्यार्थ्यांना दाखविता येते. स्नायूंची अशी सोय नाही. शरीरातील सहाशेहून अधिक कंकाल स्नायू एकमेकांवर थरांनी रचलेले असतात. वरचा थर दूर केल्याशिवाय खालचा दिसत नाही, आणि मृत देहात दिसला तरी तो कार्य करीत असताना दिसत नाही. वैद्यकीय महाविद्यालयांत शवविच्छेदनाची व्यवस्था असते. प्राणिशास्त्र, शारीरिक शिक्षण, गृहविज्ञान किंवा योगशास्त्र शिकविणाऱ्या महाविद्यालयांत ती नसते. त्यातच विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राण्यांचे विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातील विच्छेदन थांबविण्याची सूचना केली. परिणामी अनेक विभागांत स्नायूंच्या अध्यापनाचा भार चित्रांवर आणि संगणकाच्या पडद्यावर आला आहे.

आंतरजालावर अशा चित्रांची उणीव नाही. उणीव आहे ती निवडीच्या निकषांची. प्रस्तुत लेखात या विषयावरील काही महत्त्वाच्या आंतरजालीय साधनांचा परिचय करून देऊन त्यांच्या मर्यादा आणि अध्यापनातील उपयोजन यांचा विचार केला आहे.

स्नायू ‘माहीत असणे’ म्हणजे काय :

स्नायूचे नाव व स्थान सांगता येणे ही अभ्यासाची केवळ पहिली पायरी होय. शरीररचनाशास्त्रात प्रत्येक स्नायूविषयी किमान चार गोष्टी पाहिल्या जातात : त्याचा उगम (स्थिर बाजूची जोडणी), त्याचा निवेश (हलणाऱ्या बाजूची जोडणी), त्याला चेतना देणारा मज्जातंतू आणि त्याची क्रिया. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी नेमक्या कळल्या, तर क्रियेचा बराचसा अंदाज तर्काने बांधता येतो.

दंडातील बायसेप्स हे याचे परिचित उदाहरण आहे. कोपर वाकविणारा स्नायू म्हणून तो सर्वांस ठाऊक असतो. त्याची दोन्ही शिरे खांद्याच्या फऱ्यापासून निघतात आणि त्याचा मुख्य निवेश अग्रबाहूतील रेडियस या हाडावर होतो. तळहात वर किंवा खाली वळविताना रेडियस हेच हाड फिरते. त्यामुळे तळहात वर वळविणे हेही बायसेप्सचे महत्त्वाचे कार्य ठरते. त्याच्या खाली दडलेला ब्रॅकिअॅलिस हा स्नायू मात्र अल्ना या हाडावर जोडलेला असतो. तळहात फिरताना अल्ना रेडियसप्रमाणे फिरत नाही. म्हणून तळहात कोणत्याही दिशेला असला तरी ब्रॅकिअॅलिस कोपर तेवढ्याच समर्थपणे वाकवितो. समोरून काढलेल्या रंगीत चित्रात बायसेप्स ठळक दिसतो, ब्रॅकिअॅलिस जेमतेम कडेला दिसतो. केवळ त्या चित्रावर विसंबणारा विद्यार्थी कोपर वाकविण्याचे सारे श्रेय बायसेप्सला देतो. साधनाची पारख करताना हे उदाहरण ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरेल.

प्रमुख आंतरजालीय साधने :

(१) जुने ग्रंथ व त्यांतील चित्रे. हेन्री ग्रे यांचा शरीररचनेवरील सुप्रसिद्ध ग्रंथ १८५८ मध्ये लंडन येथे प्रकाशित झाला. त्यातील चित्रे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांची होती. अवयवांची नावे टिपेत न देता चित्रातील अवयवावरच छापणे हे या चित्रांचे वैशिष्ट्य होते. मुंबईशी त्यांचा संबंध निकटचा आहे. त्याच वर्षी कार्टर वैद्यकीय सेवेत दाखल होऊन मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी अध्यापन केले. या ग्रंथाची १९१८ ची अमेरिकन आवृत्ती स्वामित्वहक्कातून मुक्त असून तिच्यात १,२४७ चित्रे आहेत. ‘बार्टलबी’ या संकेतस्थळाने ती २००० मध्ये आंतरजालावर आणली आणि तिच्यातील चित्रे आज अनेक ठिकाणी विनामूल्य मिळतात. रेषांची स्पष्टता हा या चित्रांचा गुण होय. जुनी परिभाषा हा त्यांचा दोष होय. उदाहरणार्थ, पाठीच्या कण्यालगतच्या ज्या स्नायुसमूहास आज इरेक्टर स्पायनी म्हणतात, तो या आवृत्तीत सॅक्रोस्पायनॅलिस या नावाने येतो. अशा वेळी ‘टर्मिनोलॉजिया अॅनाटॉमिका’ ही आंतरराष्ट्रीय परिभाषासूची जवळ असावी. ती १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१९ मध्ये निघालेली तिची दुसरी आवृत्ती आंतरजालावर पाहता येते.

(२) प्रत्यक्ष देहाचे छेद. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन या संस्थेचा ‘व्हिजिबल ह्यूमन’ प्रकल्प हे या प्रकारातील प्रमुख साधन आहे. गोठविलेल्या देहाचा पातळ थर खरवडून काढायचा आणि उघड्या पडलेल्या पृष्ठभागाचे छायाचित्र घ्यायचे, अशी त्याची पद्धत होती. पुरुषदेहाची चित्रे १९९४ मध्ये खुली झाली. त्यांतील छेदांमध्ये १ मिलिमीटर अंतर आहे. १९९५ मध्ये आलेल्या स्त्रीदेहाच्या चित्रांत हे अंतर सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर आहे. २०१९ पासून ही सामग्री वापरण्यासाठी परवान्याची अटही उरलेली नाही. दंडाच्या मध्यावरील एकच छेद पाहिला, तरी पुढे बायसेप्स, त्याच्या मागे हाडाला बिलगलेला ब्रॅकिअॅलिस आणि पाठीमागे ट्रायसेप्स असा क्रम डोळ्यांसमोर उभा राहतो. समोरून काढलेल्या चित्राची वर सांगितलेली उणीव येथे भरून निघते.

या साधनाला एक नैतिक बाजूही आहे. पुरुषदेह हा टेक्सास राज्यात १९९३ मध्ये देहदंड झालेल्या ३९ वर्षांच्या कैद्याचा होता. त्याने देहदानास संमती दिली होती. मात्र मृत्यूच्या छायेत असलेल्या बंदिवानाची संमती कितपत मुक्त मानावी, हा प्रश्न अभ्यासकांनी उपस्थित केला आहे. चित्र वर्गात दाखविताना त्यामागे एक मनुष्य होता, याची जाणीव विद्यार्थ्यांना देणे हा अध्यापनाचाच भाग मानला पाहिजे.

(३) त्रिमिती प्रतिकृती. पडद्यावर शरीर फिरविता येते, एकेक थर दूर करता येतो आणि हवा तो स्नायू वेगळा पाहता येतो. जपानमधील डेटाबेस सेंटर फॉर लाइफ सायन्स या संस्थेने तयार केलेली ‘बॉडीपार्ट्स थ्रीडी’ ही सामग्री मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. तिच्या आधारे ‘झेड-अॅनॉटमी’ ही मुक्त प्रतिकृतीही विकसित झाली आहे. व्यावसायिक उत्पादने यांहून देखणी असतात, परंतु त्यांचे वार्षिक शुल्क अनेक महाविद्यालयांच्या ग्रंथालयांस परवडणारे नसते.

(४) मुक्त पाठ्यपुस्तके. अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या ‘ओपनस्टॅक्स’ या उपक्रमाचे शरीररचना व शरीरक्रिया या विषयावरील पाठ्यपुस्तक २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले व २०२२ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. त्यात स्नायूऊती आणि स्नायुसंस्था यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. मूळ स्रोताचा उल्लेख करून त्यातील मजकूर व आकृत्या वापरण्यास, तसेच त्यांचे भाषांतर करण्यास परवानगी आहे. मराठीतून पूरक वाचनसाहित्य तयार करू इच्छिणाऱ्या प्राध्यापकांच्या दृष्टीने ही बाब मोलाची आहे.

साधनांच्या मर्यादा :

पहिली मर्यादा अशी की, कोणतीही प्रतिकृती एकाच शरीराचे किंवा एका आदर्श शरीराचे दर्शन घडविते. प्रत्यक्षात माणसामाणसांत फरक असतो. अग्रबाहूतील पामारिस लाँगस हा स्नायू काही व्यक्तींच्या एका किंवा दोन्ही हातांत नसतोच आणि त्याच्या अभावाचे प्रमाण निरनिराळ्या लोकसमूहांत निरनिराळे आढळते. अंगठा व करंगळी जुळवून मनगट किंचित वाकविले, की बहुतेकांच्या मनगटाच्या मध्यभागी त्याची कंडरा उठून दिसते. वर्गातील सर्वांनी हा प्रयोग केल्यास ती न दिसणारे हातही सहसा सापडतात. आदर्श प्रतिकृती हा धडा देऊ शकत नाही.

दुसरी मर्यादा स्थायित्वाची. ‘गूगल बॉडी’ ही प्रतिकृती डिसेंबर २०१० मध्ये मोठ्या गाजावाजाने आली. गूगल लॅब्ज हा विभाग २०११ मध्ये बंद झाला आणि तीच प्रतिकृती २०१२ पासून ‘झायगोट बॉडी’ या नावाने दुसऱ्या कंपनीकडे गेली. एकाच संकेतस्थळावर सारा अभ्यासक्रम बेतणाऱ्या शिक्षकाची अशा वेळी अडचण होते. म्हणून परवाना अनुमती देत असेल, तेथे सामग्री उतरवून विभागाच्या संगणकावर जतन करणे इष्ट होय.

तिसरी मर्यादा भाषेची असून मराठी वर्गात ती विशेष जाणवते. सुश्रुतसंहितेत ५०० पेशी आणि ९०० स्नायू सांगितले आहेत. तेथे ‘पेशी’ म्हणजे मांसल भाग आणि ‘स्नायू’ म्हणजे बांधून ठेवणारे दोरीसारखे तंतू होत. हिंदीत आजही मसलला ‘मांसपेशी’ म्हणतात, सेलला ‘कोशिका’ म्हणतात, तर ‘स्नायु’ हा शब्द अस्थिबंध आणि क्वचित मज्जातंतू या अर्थांनी येतो. मराठीत मात्र ‘स्नायू’ म्हणजे मसल आणि ‘पेशी’ म्हणजे सेल. हिंदी चित्रफिती पाहून किंवा यांत्रिक भाषांतर वाचून आलेला विद्यार्थी या तिढ्यात हमखास सापडतो. या चार शब्दांचा तक्ता पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिल्यास पुढचा गोंधळ टळतो.

चौथी मर्यादा चित्राच्या उगमाची. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली आकर्षक चित्रे सर्वत्र दिसतात. त्यांत अस्तित्वात नसलेले स्नायू आणि चुकीच्या जागी लावलेली नावे आढळतात. ज्या चित्राचा कर्ता, आधार व परवाना सांगता येत नाही, ते वर्गात वापरू नये.

निवडीचे निकष व अध्यापनातील उपयोजन :

उपरोक्त विवेचनावरून साधनाची निवड करताना पुढील प्रश्न विचारावेत : स्नायूचा उगम व निवेश हाडावर स्पष्ट दाखविला आहे काय? खालचा थर पाहता येतो काय? परिभाषा प्रचलित आहे काय? सामग्री कोणी व कशाच्या आधारे तयार केली, हे नमूद आहे काय? ती जतन करण्याची अनुमती आहे काय? या सर्व कसोट्यांस उतरणारे एकच साधन क्वचितच मिळते. म्हणून दोन भिन्न प्रकारची साधने एकमेकांशी ताडून पाहणे श्रेयस्कर.

प्रत्यक्ष तासिकेत चार पायऱ्या योजता येतील. प्रथम विद्यार्थ्यांना केवळ उगम व निवेश सांगून क्रियेचा अंदाज वहीत लिहिण्यास सांगावे. नंतर त्रिमिती प्रतिकृतीवर तो पडताळावा. तिसऱ्या पायरीत त्याच भागाचा आडवा छेद दाखवून शेजारचे स्नायू ओळखून घ्यावेत. अखेरीस विद्यार्थ्याने कोपर काटकोनात वाकवून, दुसरा हात दंडावर ठेवून, तळहात जोराने वर वळवावा. बायसेप्स बोटांखाली ताठरतो. हाच प्रयोग तळहात खाली वळवून केल्यास फरक जाणवतो. या शेवटच्या पायरीस संगणकाचीही गरज नाही, विजेचीही नाही.

समारोप :

आंतरजालाने शवविच्छेदनगृहाबाहेरच्या शिक्षकासही शरीराच्या अंतर्भागाचे दार उघडून दिले आहे. एकेकाळी मोजक्या ग्रंथालयांत असलेली चित्रे आज तालुक्याच्या गावातील महाविद्यालयातही पाहता येतात. परंतु पाहणे आणि समजणे यांत अंतर आहे. पडदा स्नायूचे रूप दाखवितो. तो कोणत्या हाडापासून कोणत्या हाडापर्यंत जातो आणि म्हणून काय करतो, हा कार्यकारणभाव विद्यार्थ्याच्या मनात शिक्षकासच उभा करावा लागतो. या कामी साधन साहाय्यक ठरते. त्याच्या सत्यतेची शेवटची कसोटी मात्र विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हातातच आहे.