मधुमेही मांजराच्या रक्तशर्करेचे घरगुती मापन

पशुवैद्याच्या मेजावर मांजराची जी रक्तशर्करा आढळते, ती त्याच्या नित्याच्या स्थितीची निदर्शक असतेच असे नाही. बंद पेटीतून झालेला प्रवास, अपरिचित वास, शेजारच्या कुत्र्याचे भुंकणे आणि अनोळखी हातांची पकड यांमुळे मांजर भयभीत होते व ॲड्रेनलिनच्या प्रभावाने यकृतातील साठा शर्करेच्या रूपाने रक्तात उतरतो. निरोगी मांजराच्या १०० मिलिलिटर रक्तात सामान्यतः ७० ते १५० मिलिग्रॅम ग्लुकोज असते. परंतु मधुमेहाचा लवलेश नसलेल्या मांजरातही केवळ भीतीने हे प्रमाण ३०० च्या पलीकडे जाऊ शकते. अशा एका आकड्यावर विसंबून मधुमेही मांजराच्या इन्शुलिनची मात्रा वाढविली, तर घरी निवांत झोपलेल्या त्याच प्राण्याची रक्तशर्करा प्राणघातक पातळीपर्यंत खाली येण्याचा संभव असतो. घरगुती मापनाचे महत्त्व मुख्यतः येथे आहे.

दुसरेही एक कारण आहे. मांजराचा मधुमेह बहुधा माणसाच्या प्रौढवयीन मधुमेहासारखा असतो. प्रारंभीच इन्शुलिन व अल्प पिष्टमय आहार सुरू केल्यास काही मांजरांचे स्वादुपिंड पुन्हा कार्यक्षम होते आणि पुढे कित्येक महिने इन्शुलिनची गरजच उरत नाही. ही सुधारणा सूचना देऊन येत नाही. कालपर्यंत योग्य असलेली मात्रा आज अधिक ठरते, आणि ते वेळीच ओळखावयाचे तर प्रत्येक इंजेक्शनापूर्वी रक्ताचा एक थेंब तपासणे हाच विश्वसनीय मार्ग होय. मूत्र तपासण्याच्या पट्टीचा या कामी उपयोग नाही. रक्तशर्करा साधारणतः २५० मिलिग्रॅमच्या वर गेल्यावाचून ती मूत्रात उतरत नाही. त्यामुळे पट्टीचा रंग पालटला नाही, तर रक्तशर्करा २०० आहे की ४० हे कळत नाही.

रक्त घेण्यास कानाची कड सोयीची, कारण तिच्या लगत एक बारीक नीला जाते. कान हाताने किंवा उबदार फडक्याने शेकून कोरडा ठेवावा, मागून कापसाचा बोळा धरावा, कडेला टोचावे आणि थेंब पट्टीस लावून जागा क्षणभर दाबावी. पंजाची गादीही चालते. मागोमाग खाऊ मिळतो हे ध्यानात आले की बहुतेक मांजरे हा प्रकार सोसतात. जी सोसत नाहीत त्यांच्याशी झगडू नये. झगड्याने पुन्हा तीच भयजन्य शर्करा वाढते.

यंत्राची निवड दुर्लक्षणीय नाही. माणसाच्या रक्तातील ग्लुकोजपैकी सुमारे ५८ टक्के रक्तद्रवात व ४२ टक्के तांबड्या पेशींत असते. मांजरात हेच प्रमाण ९३ व ७ आहे. म्हणून माणसासाठी बनविलेले यंत्र मांजराची शर्करा बहुधा प्रत्यक्षाहून कमी दाखविते. प्राण्यांसाठीचे यंत्र न मिळाल्यास एकच यंत्र कायम ठेवावे आणि ते कोणते हे पशुवैद्यास सांगावे.

मात्रा ठरविताना एकट्या आकड्यापेक्षा दिवसभराचा आलेख पाहावा लागतो. इंजेक्शनापूर्वी एकदा आणि नंतर १२ तासांपर्यंत दर दोन तासांनी मापन केले असता शर्करेचा नीचांक व तो येण्याची वेळ समजते. नीचांक ८० ते १५० च्या दरम्यान राहणे समाधानकारक मानतात. त्वचेवर १४ दिवसांपर्यंत राहणाऱ्या संवेदकाने हे काम पुष्कळ सुकर केले आहे. मात्र तो ऊतींतील द्रवाची शर्करा मोजतो, म्हणून शंकास्पद आकडा रक्ताच्या थेंबाने पडताळावा.

भारतात आणखी एक दक्षता अवश्य आहे. येथे मिलिलिटरमागे ४० एककांचे आणि १०० एककांचे, असे दोन्ही प्रकारचे इन्शुलिन व त्यांच्या निरनिराळ्या सिरिंजा औषधांच्या दुकानांत मिळतात. १०० एककांचे ग्लार्जिन ४० च्या सिरिंजेने मोजले, तर मांजरास अडीचपट औषध जाते.

शर्करा ६० च्या खाली आल्यास, किंवा मांजर लटपटू, थरथरू लागल्यास, इंजेक्शन देऊ नये. शुद्ध असेल तर लगेच खाऊ घालावे. खात नसेल तर हिरड्यांवर मध किंवा साखरेचा पाक चोळावा. झटके येत असताना तोंडात काही ओतू नये, तसेच दातांमध्ये बोट घालू नये. मांजर सावरल्यासारखे दिसले तरी इन्शुलिनचा परिणाम तासन्‌तास टिकतो. म्हणून मापन चालू ठेवून पशुवैद्यास तत्काळ कळवावे.