थांबलेल्या पत्रांचा माग

कॅनडाच्या गव्हाच्या मुलुखांत अशीं पुष्कळ घरें आहेत कीं, जेथें आजोबांच्या पेटींत जुन्या पत्रांची एक जुडी सांपडते. कागद पातळ, अक्षर बारीक, आणि लिपी नातवंडांना न येणारी. १९३० च्या सुमारास हीं पत्रें नियमानें येत होतीं. मग विरळ झालीं, आणि पुढें थांबलीं. “तिकडच्यांनीं आम्हांला टाकलें,” असें घरांतील वडील मंडळी म्हणत. तिकडे युक्रेनमध्यें राहिलेल्या भावाच्या घरींही हेंच वाक्य बोललें जात असे. श्रोतेहो, अशा दोन घरांची गांठ पुन्हां कशी घालतात, तें आज आपणांस सांगावयाचें आहे.

युक्रेनियन शेतकऱ्यांचा कॅनडाकडे ओघ सुरू झाला तो १८९१ सालीं. नेबिलिव्ह गांवचे इव्हान पिलिपिव्ह व वासिल एलेन्याक हे दोघे त्या वर्षीं तेथें उतरले, आणि १९१४ पर्यंत त्यांच्यामागून सुमारें १,७०,००० माणसें गेलीं. बहुतेक गॅलिशिया व बुकोव्हिना या प्रांतांतील. हे प्रांत तेव्हां ऑस्ट्रियाच्या बादशहाचे. पहिल्या महायुद्धानंतर गॅलिशिया पोलंडकडे गेला. १९३९ सालीं त्याच्या पूर्व भागांत सोव्हिएट सैन्य आलें, १९४१ सालीं जर्मन, १९४४ सालीं पुन्हां सोव्हिएट. आणि १९९१ पासून हा पूर्व भाग स्वतंत्र युक्रेनमध्यें आहे. सोव्हिएट अंमलांत परदेशांतून पत्र येणें म्हणजे घरावर संशय ओढवून घेणें. चौकशी होई, नोकरी जाई, प्रसंगीं हद्दपारीही नशिबीं येई. म्हणून कित्येकांनीं पत्रें जाळलीं आणि मुलांना काकाचें नांवही सांगितलें नाहीं. जो गप्प बसला त्यानें नातें तोडलें असें समजणें हा त्याच्यावर अन्याय आहे. एवढें मनाशीं पक्कें केल्याशिवाय या शोधाला हात घालूं नये, असें मला वाटतें.

शोध आरंभणारे बहुतेक लोक आडनांवाच्या मागें धांवतात, आणि तेथेंच फसतात. कारकुनानें नांव कानाला वाटलें तसें लिहिलेलें असतें. राष्ट्र म्हणून ‘ऑस्ट्रियन’, ‘गॅलिशियन’, ‘रुथेनियन’ यांपैकीं कांहींही. खरी किल्ली गांवाचें नांव. तेंही तालुक्यासह हवें, कारण एकाच नांवाचीं अनेक गांवें आहेत. आगबोटीच्या उतारूंची यादी, नागरिकत्वाचा अर्ज, चर्चमधील लग्नाची नोंद, थडग्यावरचा दगड, यांत तें शोधावें. दुसऱ्या महायुद्धानंतर जे आले त्यांच्या कागदांवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवूं नये. युक्रेनमधून वीस लाखांहून अधिक माणसें जर्मनींत वेठीला नेलेलीं होतीं. युद्ध संपल्यावर सोव्हिएट मुलुखांत सक्तीनें परत पाठवतील या भीतीनें पुष्कळांनीं जन्मस्थान पोलंडमधील सांगितलें. कांहींनीं नांवही बदललें.

गांव सांपडलें म्हणजे चर्चच्या नोंदवह्यांकडे वळावें. सम्राट दुसऱ्या जोसेफनें १७८४ सालीं ठराविक रकान्यांच्या वह्या ठेवण्याचा हुकूम काढला, आणि गॅलिशियांतील ग्रीक कॅथॉलिक धर्मगुरु त्या लॅटिनमध्यें लिहूं लागले. जन्म, बाप्तिस्मा, घराचा क्रमांक, मुलाचें नांव, आईबाप, आणि शेवटीं बाप्तिस्म्याच्या वेळीं मुलाचा भार स्वीकारणारे धर्म-मातापिता, असा हा क्रम. वहींतील ‘योआन्नेस’ म्हणजे घरचा इव्हान आणि ‘बासिलिउस’ म्हणजे वासिल, हें एकदां कळलें कीं पान वाचूं येतें. जुनें ज्युलियन पंचांग एकोणिसाव्या शतकांत बारा दिवस व विसाव्यांत तेरा दिवस मागें होतें. तेव्हां आजीनें सांगितलेला दिवस व कागदावरचा दिवस जुळला नाहीं तरी घाबरूं नये.

यांत सर्वांत मोलाचा रकाना घराच्या क्रमांकाचा. एका आडनांवाचीं दहा घराणीं गांवांत असलीं तरी एका घरचीं मुलें त्यावरून वेगळीं काढतां येतात. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहींत आपल्याला कुळ सांपडतें, येथें घर सांपडतें. धर्म-मातापिता बहुधा आप्त किंवा शेजारी असत. आजोबा परदेशीं गेले तरी तीं माणसें पुष्कळदां गांवींच राहिलीं, आणि आज भेटतात तीं त्यांचींच नातवंडें. नीपर नदीकडील मुलुख रशियन साम्राज्याचा. तेथें १८५८ पर्यंतच्या शिरगणत्यांच्या याद्या उपयोगीं पडतात. मधलें नांव बापाचें असल्यामुळें पिढ्या जोडणें आपणां महाराष्ट्रीयांना तर मुळींच अवघड वाटणार नाहीं.

पण कधीं गांव सांपडतें आणि माणसें नसतात. १९४४ ते १९४६ मध्यें नव्या सरहद्दीपलीकडील, पोलंडच्या वांट्यास आलेल्या गांवांतून सुमारें ४,८०,००० युक्रेनियन सोव्हिएट युक्रेनमध्यें हलविले गेले. उरलेल्यांपैकीं सुमारें १,४०,००० जणांना १९४७ सालीं पोलंडच्या उत्तर व पश्चिम भागांत विखरून टाकण्यांत आलें. तेव्हां शोध तिकडे न्यावा लागतो. वेठबिगारांसाठीं जर्मनींतील आरोल्सेन येथील दप्तरखाना आहे. त्यांत सुमारें पावणेदोन कोटी माणसांची माहिती असून २००७ सालापासून तो संशोधकांना खुला आहे. सोव्हिएट गुप्त पोलिसांचीं दप्तरें युक्रेननें २०१५ च्या कायद्यानें उघडलीं. त्यांतील जबान्यांत ‘परदेशीं नातेवाईक कोण?’ हा प्रश्न असे. ज्या सरकारनें पत्रें बंद पाडलीं त्याच्याच कागदांत कधीं कॅनडांतील भावाचें नांव मिळतें.

हें सर्व आतां त्वरेनें केलें पाहिजे. २०२२ सालीं चेर्निहिव्ह येथें अशीं दप्तरें जळालीं, आणि खेरसोनच्या दप्तरखान्याचा मोठा भाग रशियन सैन्यानें माघार घेतांना नेला. ज्यांना शोधावयाचें तेही घर सोडून दूर गेलेले असतील. म्हणून गांवच्या ‘स्तारोस्ता’ला, म्हणजे आपल्याकडील पाटलासारख्या अधिकाऱ्याला, अथवा तेथील धर्मगुरूला, युक्रेनियन भाषेंत छोटें पत्र लिहावें. जमीनजुमल्याचा उल्लेख त्यांत करूं नये. नाहींतर हा हक्क सांगावयास आला असें वाटतें. आजोबांचें छायाचित्र सोबत पाठवावें, आणि त्याच्या मागच्या बाजूचेंही चित्र घ्यावें, कारण पेन्सिलीनें लिहिलेल्या त्या दोन ओळींतील अक्षर तिकडे कोणी तरी ओळखण्याचा संभव असतो.