छातीच्या फोटोची नक्कल कशी काढायची?

डहाणू आणि तलासरीच्या पाड्यांवर बचत गटाचं काम करणाऱ्या आम्ही, आज तुमच्याशी बऱ्याच घरांत असलेल्या एका वस्तूविषयी बोलणार आहोत. कुणाच्या घरी ती पत्र्याच्या पेटीत असते, कुणाकडे गादीखाली, तर कुणाकडे कुडाच्या भिंतीत खोचलेली असते. ती वस्तू म्हणजे एक्स-रे. आपण त्याला नुसतं 'फोटो' म्हणतो.

दुखणं बरं झालं, आता हा जुना फोटो कशाला ठेवायचा, असं पुष्कळ जणी विचारतात. याचं उत्तर टीबीच्या पेशंटवरून चटकन कळेल. टीबीचं औषध साधारण सहा महिने चालतं. ते नेमानं पूर्ण घेतलं की माणूस बरा होतो. जखम भरली तरी कातडीवर वण राहतो ना, तसे फुप्फुसावर डाग राहू शकतात. दोन वर्षांनी त्याच माणसाला खोकला झाला आणि नवा फोटो काढला, तर त्यात तो डाग दिसतो. हा डाग जुना की नवा? एकट्या नव्या फोटोवरून हे ठरवणं डॉक्टरांनाही जड जातं. बेडक्याची तपासणी करावी लागतेच. पण शेजारी जुना फोटो असला, तर डाग होता तसाच आहे की वाढला, हे लगेच दिसतं. दगडखाणीत धूळ खाऊन ज्यांची छाती भरली आहे, किंवा कामावर ज्यांचं हाड मोडलं आहे, त्यांना पुढे भरपाई मागताना हाच फोटो पुरावा म्हणून लागतो.

आता आपली माणसं काही एका जागी राहत नाहीत. पावसाळा सरला की गडी गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. दिवाळी झाली की कुटुंबच्या कुटुंब वीटभट्टीवर जातं. कुणी वापीच्या कारखान्यात असतं, कुणी सिल्वासाला. दुखणं सोबत जातं आणि फोटो घरी राहतो. म्हणून त्याची नक्कल मोबाइलमध्ये असावी.

सगळ्यात आधी एक सोपी गोष्ट. हल्ली बऱ्याच दवाखान्यांत एक्स-रे थेट संगणकावर निघतो आणि फिल्म नंतर छापली जाते. तसं असेल तर मूळ चित्र संगणकातच असतं. फोटो काढतानाच विचारा, "ताई, याची सीडी किंवा फाइल मिळेल का?" ती मिळाली तर नक्कल काढायची गरजच नाही. सीटी स्कॅन आणि एमआरआयच्या वेळीही हेच विचारायचं.

फाइल मिळाली नाही आणि हातात फक्त फिल्म असली, तर बाया ती झेरॉक्सच्या दुकानात नेतात. दुकानदार स्कॅनरच्या काचेवर ठेवून झाकण लावतो आणि चित्र निघतं काळंकुट्ट. असं का होतं? कागद स्कॅन करताना उजेड काचेखालून येतो, कागदावर आपटतो आणि परत खाली जातो. त्यावरून मशीन चित्र बनवतं. फिल्म मात्र आरपार दिसणारी वस्तू आहे. डॉक्टर ती उजेडाच्या पेटीवर लावून बघतात, म्हणजे उजेड मागून येतो. स्कॅनरलाही तसाच मागून, म्हणजे झाकणाकडून उजेड लागतो. काही स्कॅनरच्या झाकणात असा दिवा असतो, पण बऱ्याच मशीनमध्ये तो अरुंद पट्टीएवढाच, कॅमेऱ्याच्या छोट्या फिल्मसाठी असतो. म्हणून दुकानात आधी विचारा की झाकणात दिवा आहे का आणि तो केवढ्या भागावर पडतो.

दुसरी अडचण मापाची. छातीच्या मोठ्या फिल्मचं माप साधारण ३५ बाय ४३ सेंटिमीटर असतं. नेहमीच्या स्कॅनरची काच ए-फोर कागदाएवढी, म्हणजे २१ बाय ३० च्या आसपास. म्हणून पूर्ण काचेवर उजेड देणारं मशीन मिळालं, तरी फिल्म चार भागांत स्कॅन करावी लागते. गोधडीचे तुकडे जोडताना आपण कड थोडी एकमेकींवर घेतो, तसा प्रत्येक भागात शेजारच्या भागाचा चार बोटं तुकडा यायला हवा. मग संगणकावर ते जुळवता येतात. स्कॅन करताना रंगीत नको, करडा म्हणजे ग्रे पर्याय घ्यायचा. ३०० डीपीआय भरपूर होतं. आपोआप उजळ करणारा पर्याय बंद ठेवायचा.

असा स्कॅनर जवळपास नसला तरी मोबाइलवर काम भागतं. खोलीत अंधार करा. लॅपटॉप किंवा टीव्हीवर पूर्ण पांढरा पडदा लावा, त्यावर पातळ पांढरा कागद धरा आणि त्याच्यापुढे फिल्म धरा. दिवसा खिडकीला पांढरं कापड लावूनही चालतं. फिल्मच्या बाहेरून येणारा उजेड काळ्या कागदानं झाका. फ्लॅश बंद ठेवा. मोबाइल तिरका न धरता अगदी समोर धरा. एक फोटो पूर्ण फिल्मचा घ्या, मग डावी आणि उजवी बाजू जवळून घ्या. नाव, तारीख आणि डावी-उजवी दाखवणारं अक्षर चित्रात आलंच पाहिजे. फिल्म उलटी धरली की डावी-उजवी बाजू अदलाबदल होते.

व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक खुणा पुसट होतात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. नक्कल कितीही चांगली निघाली तरी ती डॉक्टरांना अंदाज यावा एवढ्यापुरती आहे. काळ्या भागातला लहान डाग नकलेत हरवू शकतो. म्हणून नकलेवरून घरी निदान करायचं नाही आणि शक्य तिथे मूळ फिल्म दाखवायची.

आणखी एक, जरा नाजूक गोष्ट. फोटोवर माणसाचं नाव असतं. टीबी आहे म्हटलं की अजूनही काही घरांत भांडी वेगळी होतात, सुनेला माहेरी पाठवतात. म्हणून कुणाचाही फोटो गटाच्या ग्रुपवर टाकायचा नाही. ज्याचा आहे त्याला विचारायचं, त्याच्याच मोबाइलवर द्यायचा आणि दुकानाच्या संगणकातून आपल्यासमोर पुसून घ्यायचा.

शेवटी मूळ फिल्म जपण्याचं. ती कडेला धरा, घडी घालू नका, पाण्यानं पुसू नका. पावसाळ्यात ओल धरली की जुन्या फिल्मवर बुरशी चढते. तिच्या पाकिटात घालून पेटीत उभी ठेवा. चुलीवरच्या माळ्यावर किंवा तापणाऱ्या पत्र्याखाली नको, कारण हल्लीच्या बऱ्याच फिल्म उष्णतेनंच छापलेल्या असतात आणि उष्णतेनं पुन्हा काळ्या पडतात. याच कारणानं फिल्म लॅमिनेट करू नका. जपायला म्हणून गरम मशीनमधून काढली आणि पूर्ण काळी होऊन आली, असं होऊ शकतं. भंगारवाला चांदीसाठी जुन्या फिल्म विकत घेतो. चार पैशांसाठी छातीचा पुरावा देऊ नका.

आमचं सगळ्या गटांना सांगणं आहे की स्थलांतराच्या आधीच्या मासिक बैठकीत पासबुकासोबत प्रत्येकीनं घरातले फोटो आणि औषधाची कागदं आणावीत. ज्यांच्याकडे चांगला मोबाइल आहे त्यांनी नक्कल काढून द्यावी. एका बैठकीत अर्धा तास जाईल. पण दूरच्या बंदरात आपला माणूस डॉक्टरसमोर बसेल, तेव्हा दाखवायला त्याच्या हातात काहीतरी असेल.